गावच्या बातमीदाराला आपल्या माणसांची दाद

तालुक्याच्या गावचा वार्ताहर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. पहाटे अंकांचे गठ्ठे उतरवून घेणारा, दुपारी जाहिराती गोळा करणारा आणि संध्याकाळी बातमी पाठवणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्याच्या बातमीवर त्याचे नाव असतेच असे नाही. शहरातले पत्रकार त्याला आपल्यातला मानतात का, हा प्रश्न तसा जुनाच. त्याचे एक चांगले उत्तर २००४ साली मिळाले, ते उत्तर प्रदेशातल्या एका लहानशा पत्रामुळे.

बुंदेलखंडातल्या चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू झाले. त्याला पाठबळ होते दिल्लीच्या ‘निरंतर’ या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेचे. पत्राची भाषा बुंदेली, म्हणजे तिथल्या घरात आणि बाजारात बोलली जाणारी. ते चालवणाऱ्या स्त्रिया बहुतांशी दलित समाजातल्या. काहींनी तर मोठेपणीच अक्षरे गिरवलेली. बातमी आणायची, लिहायची, तपासायची आणि अंक गावोगाव फिरून विकायचा, हे सारे त्याच करीत. बंद पडलेला हातपंप, न मिळालेले रेशन, अर्धवट राहिलेला रस्ता, पोलिसांनी नोंदवून न घेतलेली तक्रार, या त्यांच्या पहिल्या पानाच्या बातम्या.

२००४ साली या गटाला चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. उत्कृष्ट कामगिरी करणाऱ्या महिला पत्रकाराला हा पुरस्कार ‘मीडिया फाउंडेशन’ देते आणि ही संस्था पत्रकारांनीच उभी केलेली आहे. त्यामुळे या गौरवाचा अर्थ वेगळा होता. साक्षरतेचे चांगले काम म्हणून पाठीवर थाप मिळणे निराळे आणि ‘ही पत्रकारिता आहे’ असे त्याच धंद्यातल्या माणसांनी म्हणणे निराळे. २००९ साली युनेस्कोचा राजा सेजोंग साक्षरता पुरस्कार या उपक्रमासाठी ‘निरंतर’ला मिळाला, तोही मोठाच. पण बातमीची किंमत बातमीदारालाच नेमकी कळते. पुढे या गटातल्या कविता देवी ‘एडिटर्स गिल्ड’च्या सदस्य झाल्या. छापील अंक थांबला, तरी त्यांचे काम मोबाइलवरच्या चित्रफितींमधून चालू राहिले. त्यांच्यावरचा एक माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तेव्हा त्यात आपल्या कामाची एकच बाजू दिसते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. कौतुक होत असतानाही त्यांनी आपला बाणा सोडला नाही.

अशा मान्यतेची गरज काय, असे कोणी विचारील. स्थानिक बातमीदार ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांच्यातच राहतो. आज ज्या कंत्राटदाराची बातमी दिली, तो उद्या एसटी स्टँडवर समोर उभा असतो. ‘तू कसला पत्रकार?’ हा प्रश्न त्याला ग्रामपंचायतीत विचारतात आणि पोलीस ठाण्यातही विचारतात. अशा वेळी इतर पत्रकारांनी ‘हा आमचा आहे’ म्हणणे, हाच त्याचा आधार असतो.

हा धोका आपल्यापासून दूर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या वादाशी संबंधित त्यांची बातमी त्याच दिवशी सकाळी छापून आली होती. पुढे या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि राज्यभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले.

पण तोवर उशीर झालेला होता. हीच एकजूट माणूस हयात असताना दिसायला हवी. त्यासाठी दर वेळी मोठा पुरस्कारच लागतो असे नाही. बातमीवर त्याचे नाव छापावे, वेळेवर मानधन द्यावे, धमकी आली तर जिल्ह्याच्या पत्रकारांनी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे. आणि आपण वाचकांनीही गावातला हातपंप दुरुस्त झाला की आधी बातमी कोणी दिली होती, त्याची आठवण ठेवावी.