मोबाइलमध्ये घडणारं चित्र

क्रिकेटचा सामना मोबाइलवर थेट पाहताना कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र आपल्यापर्यंत जसंच्या तसं येत नाही. येऊच शकत नाही. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला तीन बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. एका बाइटचे आठ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, की हा आकडा सेकंदाला १२४ कोटी बिटवर जातो. प्रत्यक्षात मोबाइलवर येतात सेकंदाला साधारण ५० लाख बिट. अडीचशेतला एक भाग बाहेरून येतो, बाकीचं चित्र मोबाइल स्वतः घडवतो. ऑनलाइन व्हिडिओत पुढे जे मोठे बदल येऊ घातले आहेत, ते याच घडवण्यातले आहेत.

कॅमेरा चेंडूमागे सरकतो तेव्हा सीमारेषेवरचा जाहिरातीचा फलक लागोपाठच्या दोन चित्रांत तोच असतो, फक्त थोडा डावीकडे गेलेला. तो पुन्हा पाठवायची गरज नाही. ‘मागच्या चित्रातला हा चौकोन उचल आणि बारा पिक्सेल डावीकडे ठेव’ एवढी सूचना पुरते. या अंदाजात आणि खऱ्या चित्रात जो फरक उरतो, तो तेवढा वेगळा पाठवायचा. प्रेक्षकांत हजारो झेंडे फडकू लागले की अंदाज चुकतात, फरक वाढतो आणि तो पाठवायला बिट अपुरे पडले की चित्र चौकोनांत फुटतं.

हा उरलेला फरक आटवण्याचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नसीर अहमद यांचं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना, १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. तरीही त्यांनी काम सोडलं नाही आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वरचा निबंध प्रसिद्ध केला. चित्राच्या छोट्या चौकोनात उजेड-अंधाराचे जे चढउतार असतात, ते या पद्धतीने ठळक आणि बारीक लहरींमध्ये वेगळे करता येतात. बारीक लहरींतले फरक डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून त्या ढोबळ करून किंवा गाळून टाकता येतात. फोनमधला जेपीईजी फोटो असो की ऑनलाइन सिनेमा, पाया हाच आहे. शाळेच्या पुस्तकात यावं, असं हे काम आहे.

हे आटवणं किती मोलाचं, हे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसलं. डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेली एकच लहर सगळ्या घरांना पुरते, इथे मात्र प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह पोचवावा लागतो. प्रत्येकी सेकंदाला २० लाख बिट धरले, तरी एकूण ११८ लाख कोटी बिट होतात. शेकडा एक बचत झाली, तरी ती प्रचंड ठरते.

म्हणूनच २०१५ मध्ये गूगल, नेटफ्लिक्स, अॅमेझॉन, मोझिला अशा एरवीच्या स्पर्धकांनी एकत्र येऊन ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ स्थापन केली आणि २०१८ मध्ये स्वामित्वशुल्क न लावता वापरता येईल अशी ‘एव्ही१’ पद्धत आणली. तिला बिट कमी लागतात, पण गणित जास्त करावं लागतं. त्यासाठीचं खास सर्किट नसलेल्या फोनची बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे स्वस्त फोनपर्यंत ती सावकाशच पोचते आहे.

याच एव्ही१मध्ये एक विलक्षण सोय आहे. जुन्या फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमात बारीक कणांची थरथर असते. ती आटवणं महाकठीण, कारण प्रत्येक चित्रात कण वेगळे. म्हणून ते पाठवण्याआधी पुसून टाकतात, सोबत त्यांच्या दाटपणाचं आणि पोताचं वर्णन पाठवतात आणि तुमचा टीव्ही त्या वर्णनावरून नवे कण पेरतो. पडद्यावरचा एकही कण मूळ फिल्मवरचा नसतो. सिनेमा पाहताना त्याने काही बिघडत नाही.

पुढची पायरी मात्र चेहऱ्यांची आहे. २०२० मध्ये एनव्हिडियाने दाखवलेल्या व्हिडिओ कॉलच्या तंत्रात सुरुवातीला चेहऱ्याचं एक चित्र जातं. त्यानंतर फक्त डोळे, ओठ, हनुवटी यांच्या हालचालींचे बिंदू जातात आणि पलीकडचं न्यूरल नेटवर्क त्यावरून बोलता चेहरा उभा करतं. खेडेगावातल्या कमजोर नेटवर्कवर हे वरदान ठरू शकतं, आणि ते यावं असंच मला वाटतं. पण हे नेटवर्क शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं. डॉक्टर दुरून रुग्णाच्या त्वचेवरचा चट्टा पाहत असतील, किंवा न्यायालयात साक्षीदाराचा चेहरा पडद्यावर दिसत असेल, तर दिसायला सुबक आणि प्रत्यक्षात असलेलं यांतलं अंतर महाग पडेल. व्हिडिओच्या दर्जासाठी नेटफ्लिक्सने घडवलेलं ‘व्हीमॅफ’ हे माप प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांवर बेतलेलं आहे, एखादा चट्टा खरा आहे की नाही हे सांगणं त्याचं काम नाही.

चित्राचा उगम आणि त्यातले फेरफार नोंदवणारं ‘सीटूपीए’ हे मानक २०२१ पासून आकाराला येत आहे. पण त्याची डिजिटल सही असते ती फाइलमधल्या बिटांवर. फाइल जशीच्या तशी पोचली आणि सही बरोबर जुळली, तरी चेहऱ्यावरची सुरकुती फोनने त्यानंतर रंगवलेली असू शकते.