वानखेडेवर हुर्यो आपल्याच कर्णधाराची

१ एप्रिल २०२४, सोमवार. सनदमध्ये दुपारचे साडेचार वाजलेले. रमजानचा महिना, इफ्तारला अजून तासाभराहून जास्त वेळ. मुंबईत तेव्हा सात वाजले होते आणि वानखेडेवर टॉस चालू होता. मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्याचं नाव पुकारताच स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. मैदान घरचं, कर्णधार घरचा आणि ओरडणारेही घरचेच! शेवटी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना 'नीट वागा' असं सांगावं लागलं.

पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी, गुजरातहून परत आणलेल्या हार्दिकला कर्णधार केलं होतं. त्याचा राग येणं समजू शकतं. पण निर्णय संघाच्या व्यवस्थापनाचा आणि शिक्षा मात्र खेळाडूला, तीही आपलाच सामना चालू असताना. हे काय गणित आहे?

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. कुठला चित्रकार आवडतो अशा किरकोळ निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले आणि त्यांना पैसे वाटायला सांगितलं. बऱ्याच मुलांनी आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळतील असं वाटप केलं नाही. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे यावर जुनी म्हण आहेच: नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे.

निष्ठेचं वैर होतं ते नेमकं इथे. 'आपण जिंकावं' याच्यापेक्षा 'त्याचं वाटोळं व्हावं' हे मोठं होतं. वानखेडेवर 'आपण' म्हणजे मुंबईचा संघ राहिलाच नव्हता. 'आपण' म्हणजे रोहितवाले आणि हार्दिक परका!

पण ही रेघ किती कच्ची असते बघा. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलमध्ये शेवटची ओव्हर हार्दिकने टाकली. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या, भारत ७ धावांनी जिंकला. कर्णधार होता रोहित. ४ जुलैला विजयाची मिरवणूक वानखेडेवर पोचली, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये 'हार्दिक, हार्दिक'चा गजर झाला. माणूस तोच. मध्ये गेले फक्त तीन महिने.

सनदमध्ये मॅच बघताना शेजारी चेन्नईवाला असतो आणि जिन्यात भेटणारा लाहोरचा. उद्या गाडी बंद पडली तर धक्का मारायला हेच येणार. म्हणून ओरडण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: आत्ता मला माझी टीम जिंकायला हवी आहे, की याचं तोंड पडलेलं बघायचं आहे? उत्तर दुसरं असेल, तर उठून चहा टाका. शेजाऱ्यालाही विचारा, घेणार का म्हणून.