मोटार फिरली म्हणजे काम झाले काय?

जुन्नर-आंबेगावच्या वाइंडिंग कारागिरांसाठी चार शब्द

आम्ही कापडाचे व्यापारी. विजेच्या मोटारीशी आमचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. संबंध एवढाच की मोटारीच्या कॉईलवर बांधायची सुती फीत आमच्या दुकानात मिळते आणि ती न्यायला नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव भागातले वाइंडिंगवाले वर्षानुवर्षे येतात. त्यात आपले मुस्लिम बांधवही आहेत. चहा घेता घेता धंद्याच्या गोष्टी निघतात. त्या ऐकून आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते कारागीर बांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

जुन्नर तालुक्यात माणिकडोह, वडज, येडगाव व पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठांवर आणि गावोगावच्या विहिरींवर मोटारी बसल्या आहेत. टोमॅटो, कांदा, ऊस, द्राक्ष, सगळे त्या मोटारींवर अवलंबून. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी-जास्त झाले की मोटारी जळतात आणि वाइंडिंगच्या दुकानापुढे रांग लागते. मोटार आज दिली नाही तर पीक उद्या वाळेल, अशी शेतकऱ्याची घाई असते. या घाईतच एक काम राहून जाते. ते काम एका मिनिटाचे असते.

तीन दिवसांची मोटार

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून फीत नेणाऱ्या एका कारागिराने पाच हॉर्सपॉवरची मोटार भरून दिली. हात साफ, तांबे चोख, वॉर्निशही केलेले. दुकानात मोटार लावली, फिरली. तिन्ही फेजचा करंट सारखा. मेगरही लावला, काटा पार टोकाला. मोटार गेली. तिसऱ्या रात्री शेतकरी पाणी द्यायला गेला. नदीकाठ ओला, पाय अनवाणी, हात मोटारीच्या लोखंडी पाईपला लागला आणि तो फेकला गेला. अल्लाहची मेहरबानी की तो बाजूला फेकला गेला, चिकटला नाही. जीव वाचला.

मोटार उघडली तेव्हा दिसले की एका स्लॉटच्या तोंडाशी कागद कातरला गेला होता आणि तिथेच तारेचे इनॅमल खरवडले होते. तार आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी जागा. दुकानात कोरडे होते तोवर त्या जागेतली हवाच इन्सुलेशनचे काम करीत होती. नदीकाठची ओल शिरली आणि बॉडीत करंट उतरला. अर्थिंगची तारही तुटलेली होती, म्हणून तो शेतकऱ्याच्या अंगातून जमिनीत गेला.

कारागीर आमच्यापाशी येऊन रडला. म्हणाला, "चाचा, मैंने चलाके देखी थी." त्याच्या म्हणण्यात खोटे काहीच नव्हते. त्याने मोटार खरोखर चालवून पाहिली होती. पण मोटार फिरते की नाही, ही एक गोष्ट. तिला हात लावणारा माणूस सुरक्षित आहे की नाही, ही दुसरी. पहिलीची परीक्षा दुसरीला लागू होत नाही.

कारखान्यात काय करतात

आपल्या भागातली पुष्कळ मुले पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, भोसरीच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांना विचारा. मोटार असो, मिक्सर असो, इस्त्री असो, माल डब्यात भरण्यापूर्वी शेवटच्या टेबलावर एक यंत्र असते. त्याला हाय व्होल्टेज टेस्टर किंवा हायपॉट म्हणतात. त्याचे एक टोक आतल्या सर्व तारांना एकत्र जोडतात, दुसरे टोक बाहेरच्या लोखंडी बॉडीला. मग रोजच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब देऊन पाहतात की तारेतून बॉडीत करंट उतरतो काय. उतरला तर यंत्र आपोआप बंद पडते, लाल दिवा लागतो आणि माल बाजूला निघतो.

शंभरातून एक नग काढून ही परीक्षा घेत नाहीत, प्रत्येक नगाची घेतात. नमुन्याच्या परीक्षेला टाइप टेस्ट म्हणतात, ती एखाद्या नगावर होते. ही रुटीन टेस्ट. कारण कातरलेला कागद कोणत्या नगात आहे, हे नमुना पाहून कळत नाही. आम्ही कापडवाले थानाचे टोक पाण्यात बुडवून रंग पाहतो आणि बाकी थान त्यावर समजून घेतो. विजेच्या मालात तसे चालत नाही.

दाब किती द्यायचा हेही ठरलेले आहे. मोटारींच्या आय.ई.सी. ६००३४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा साधा हिशेब असा: मोटारीचे व्होल्टेज दुप्पट करा आणि त्यात १००० मिळवा. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ८३० अधिक १०००, म्हणजे १८३० व्होल्ट. हा दाब एक मिनिट टिकला पाहिजे. सुरुवात निम्म्याहून कमी दाबाने करावी आणि निदान १० सेकंद घेऊन पूर्ण दाबावर न्यावे. एकदम झटका देऊ नये. कारखान्यात माल मोठ्या संख्येने निघतो तेव्हा लहान मोटारींना एका मिनिटाऐवजी एक सेकंद चालतो, पण मग दाब १२० टक्के, म्हणजे सुमारे २२०० व्होल्ट द्यावा लागतो.

मेगर आणि हायपॉट यांत फरक

पुष्कळ कारागीर म्हणतात, आमच्याकडे मेगर आहे, आणखी काय पाहिजे? मेगर पाहिजेच. पण मेगर साधारण ५०० व्होल्ट डी.सी. दाब देतो आणि इन्सुलेशनचा रोध किती मेगओहम आहे ते सांगतो. ओल, धूळ, तेल, कच्चे राहिलेले वॉर्निश तो पकडतो. केसाएवढ्या हवेच्या फटीतून मात्र ५०० व्होल्ट बहुधा उडी मारीत नाहीत, म्हणून मेगर तिला पास करतो. १८३० व्होल्ट ए.सी.चे शिखर २५०० च्या वर जाते. ते त्या फटीतून ठिणगी पाडते आणि दोष दुकानातच उघडा होतो. म्हणून आधी मेगर, मग हायपॉट, मग पुन्हा मेगर, हा क्रम बरोबर. मेगरमध्ये जी मोटार ओली निघाली तिला हायपॉट लावू नये. आधी ती वाळवावी, नाहीतर चांगले वाइंडिंगही फुकट जाईल.

आणखी एक समजून घ्यावे. जास्त दाब इन्सुलेशनला थोडा त्रास देतोच. म्हणून तीच परीक्षा पुन्हा पुन्हा घेऊ नये. गिऱ्हाइकाच्या आग्रहाने दुसऱ्यांदा घ्यावी लागली तर ८० टक्के दाब द्यावा, म्हणजे १८३० च्या जागी सुमारे १४६० व्होल्ट. पूर्ण नवीन भरलेल्या मोटारीला नव्या मोटारीइतकाच दाब. जी मोटार नुसती साफ करून वाळवली, भरली नाही, तिला दीडपट, पण १००० पेक्षा कमी नाही. ४१५ ची दीडपट ६२२ होते, तेव्हा तिथे १००० व्होल्ट धरावे.

पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत तार प्लास्टिकच्या आवरणाची असते आणि ती पाण्यातच राहते. तिचे वाइंडिंग कोरडे तपासून उपयोग नाही. पाण्यात बुडवून ठेवावे आणि मग तपासावे. प्लास्टिकला सुईएवढे भोक असेल तर ते पाण्यातच कळते.

ओल्या धान्याची गोष्ट

मदीनेच्या बाजारातली हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरून धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विचारले तेव्हा व्यापारी म्हणाला की पाऊस पडला होता. त्यावर आपण फर्मावले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही.

आम्ही ही हदीस लहानपणापासून वजन-मापाच्या संदर्भात ऐकत आलो. पण मोटारीलाही ती तंतोतंत लागू पडते. वरून रंग नवा, आत कागद कातरलेला. फरक एवढाच की त्या व्यापाऱ्याला आतली ओल ठाऊक होती; आमच्या कारागिराला आतला दोष ठाऊक नव्हता. तेव्हा तो फसवणारा ठरत नाही. पण ज्याच्याजवळ ढिगात हात घालण्याचे साधन आहे आणि जो घाईपायी हात घालत नाही, त्याने स्वतःला काय म्हणावे? हायपॉट म्हणजे ढिगात घातलेला हात आहे.

जुन्नरला हुनरची मोठी परंपरा आहे. इथल्या कागदी कारागिरांचा हातकागद, जुन्नरी कागद, जुन्या दफ्तरांत वापरला गेला आणि त्यावरची अक्षरे कारागिरांनंतरही टिकली. आज मोटारीच्या स्लॉटमध्ये बसतो तोही कागदच. फरक हा की त्या कागदावर हिशेब होता, या कागदावर माणसाचा जीव आहे.

परीक्षा घेणाऱ्याने स्वतःला जपावे

हे काम जोखमीचे आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही ठिकाणी जुना ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून घरगुती टेस्टर बनवतात. त्यात करंटला लगाम नसतो, तो माणूस मारू शकतो. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट काही क्षण गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून गळतीचा करंट ठरावीक हद्दीबाहेर जाताच बंद पडणारे तयार यंत्रच घ्यावे. पायाखाली कोरडी रबरी चटई, भोवती दोरी, डोक्यावर लाल दिवा. परीक्षा चालू असताना मोटारीला कोणी हात लावू नये. शिकाऊ मुलाला एकटे सोडू नये. संपल्यावर वाइंडिंग अर्थ करून त्यातला साठा उतरवावा.

मोटारीसोबत कपॅसिटर, ऑटो स्विच, सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल तर ते आधी सोडवावे, नाहीतर तेच जळतील. सोलर पंपाच्या कंट्रोलरला मेगर किंवा हायपॉट कधीही लावू नये. त्यापासून मोटारीची केबल सोडवून फक्त मोटार तपासावी.

आणि हायपॉटमध्ये पास झालेल्या मोटारीलाही अर्थिंग हवेच. इन्सुलेशन हा पहिला पहारेकरी, अर्थिंग दुसरा. आमच्या त्या शेतकऱ्याच्या बाबतीत दोन्ही झोपले होते. न्यूट्रललाच अर्थ समजून बॉडीला जोडण्याची जी सवय काही ठिकाणी आहे, ती तर सरळ धोका आहे. न्यूट्रल वाटेत तुटला की बॉडीत पूर्ण करंट येतो.

पैशाचा प्रश्न

एका लहान दुकानाला हे यंत्र जड वाटेल, हे आम्ही जाणतो. पण एका गावातले चार-पाच वाइंडिंगवाले आपसात वर्गणी काढून एक यंत्र घेऊ शकतात. व्याजाच्या कर्जाची गरज नाही. यंत्र एका दुकानात ठेवावे, बाकीच्यांनी भरलेली मोटार तिथे आणून तपासावी, देखभालीसाठी दर मोटारीमागे थोडी रक्कम बाजूला ठेवावी. यंत्र खरे दाखवते की नाही, हे वर्षातून एकदा तपासून घ्यावे. आमच्या मीटरपट्टीवरही मापाचा शिक्का लागतो, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

सोबत एक वही ठेवावी. तारीख, हॉर्सपॉवर, मेगरचे आकडे आधीचे आणि नंतरचे, किती व्होल्ट, किती वेळ, आणि खाली सही. त्याच मजकुराची चिठ्ठी मोटारीला बांधून द्यावी. पुढे तक्रार आली तर ती वही तुमची साक्षीदार. शिवाय कारखान्यांकडून काम घ्यायचे असेल तर ते पहिली मागणी अशा नोंदींचीच करतात. ज्याच्याकडे वही आहे त्याला दार उघडे असते.

त्या कारागिराने नंतर यंत्र घेतले, आणखी तिघांबरोबर. त्या शेतकऱ्याची मोटार त्याने फुकट पुन्हा भरली आणि त्याच्यासमोर तपासून दिली. शेतकऱ्याने एक मिनिट घड्याळ पाहिले आणि मोटार उचलली. आजही तो त्याच्याचकडे येतो.

आपल्या भागात पाणी द्यायला रात्रीही शेतात जावे लागते. एका हातात बॅटरी, बिबट्याची धास्ती, पायाखाली चिखल. अंधारात तो माणूस मोटारीला हात लावतो, तो आपल्यावर भरवसा ठेवून. हा भरवसा ही अमानत आहे. तिच्यासाठी एक मिनिट जास्त होत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या हुनरमध्ये बरकत देवो आणि अमानत सांभाळण्याची तौफीक देवो, आमीन.