विमानाचे नवे इंजिन कसे रुळते

मराठीत नवी वहाण रुळते, गोऱ्हा जुवाला रुळतो, परका शब्दही बोलीत रुळतो. या सर्व रुळण्यांत सावकाशपणा गृहीत धरलेला असतो. बुलढाणा जिल्ह्यात विहिरीवर बसविलेले डिझेल इंजिन असो की नवी मोटारसायकल, यंत्र प्रारंभी जपून चालवावे असाच सार्वत्रिक समज आहे. लहान विमानाच्या दट्ट्याच्या इंजिनास मात्र हा समज घातक ठरतो.

उदाहरणादाखल सेस्ना 152 हे शिकाऊ विमान घेऊ. नागपूर फ्लाइंग क्लबमुळे ते विदर्भास परिचित आहे. त्याचे लायकमिंग इंजिन चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे व 110 अश्वशक्तीचे असते. नव्या सिलिंडरच्या आतील भिंतीवर घासणीने मुद्दाम एकमेकींस छेदणाऱ्या सूक्ष्म रेघा पाडलेल्या असतात. दट्ट्याभोवतीच्या कड्या, ज्यांना कारागीर ‘रिंगा’ म्हणतात, त्या या रेघांचे उंचवटे झिजवून भिंतीशी एकजीव होतात. यासच ‘रिंगा बसणे’ म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग कोणत्याही पारिभाषिक संज्ञेपेक्षा अधिक नेमका आहे.

आता प्रश्न असा, की कडीला भिंतीवर दाबते कोण? तिचा स्वतःचा ताण अल्प असतो. खरा दाब ज्वलनातून निर्माण होणाऱ्या वायूचा. तो कडीच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. इंजिन मंद चालविले तर हा दाब अपुरा पडतो, कडी वंगणाच्या थरावरच तरंगत राहते आणि ते तेल उष्णतेने करपून भिंतीवर काचेसारखे गुळगुळीत कवच धरते. मग उंचवटे झिजत नाहीत, तेल जळत राहते, आणि सिलिंडर उतरवून पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जपणुकीची ही शिक्षा महागात पडते.

म्हणून पहिल्या उड्डाणात पूर्ण शक्तीने उठून, मंद चढणीने वर जाऊन, सुमारे 75 टक्के शक्तीवर विमान चालवितात. दुसऱ्या तासात ती 65 ते 75 टक्क्यांमध्ये पालटतात. उतरताना इंजिन एकदम मंद करीत नाहीत. जमिनीवरही ते उगाच चालू ठेवीत नाहीत, कारण तेथे थंडाव्यास वारा मिळत नाही. या काळात बहुधा साधे खनिज तेल वापरतात. मळ तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेले तेल नंतर येते.

येथे बुलढाण्याचे पठार विचारात घेण्यासारखे आहे. त्याची उंची सुमारे 650 मीटर. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेच्या सुमारे 85 टक्केच उरते, आणि ढोबळ मानाने शक्तीही तितकीच घटते. म्हणजे 110 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण खुले करूनही 93 च्या आसपासच देणार. इंजिन रुळविण्यास लागणारे 75 टक्के म्हणजे 82 हून थोडे अधिक. विमान समुद्रसपाटीपासून 1500 मीटरच्या पलीकडे नेले तर हा थोडका फरकही संपतो. तेव्हा उड्डाण खालच्या थरातच ठेवावे लागते, आणि तेथील हवा सर्वांत तप्त! सिलिंडरच्या माथ्याचे तापमान 260 अंश व तेलाचे 118 अंश सेल्सियस या मर्यादा ओलांडता येत नाहीत. नव्या कड्यांच्या घर्षणाने उष्णता आधीच वाढलेली असते. भार हवा, पण ताप नको, या पेचावर पहाटेचे उड्डाण हाच व्यवहार्य तोडगा दिसतो.

रिंगा बसल्या हे ओळखण्यास इंजिन उघडावे लागत नाही. प्रत्येक उड्डाणानंतर किती तेल भरावे लागले याची नोंद ठेवतात. प्रारंभी आकडा चढा असतो, मग उतरतो आणि एका पातळीवर स्थिरावतो. माथ्याचे तापमानही बहुधा त्याच सुमारास खाली येते. साधारणतः पहिल्या 50 तासांत हे घडते. आकडा स्थिरावला नाही, तर सिलिंडर उतरविण्याची वेळ आली असे समजतात.