निवारा आपल्या गल्लीत नको?

पालिकेच्या बंद शाळेत बेघरांचा निवारा होणार असं कळलं आणि वस्तीत सह्या गोळा होऊ लागल्या. "टीबी पसरेल, बायामुलींना त्रास होईल." आम्ही सही केली नाही, तर दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं.

टीबी हवेतून पसरतो, हे खरं. पण साध्या टीबीचा रुग्ण नियमित गोळ्या घेऊ लागला की साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. कोर्स सहा महिन्यांचा. पुलाखाली झोपणाऱ्याने गोळ्या ठेवायच्या कुठे? पावसात भिजतात, झोपेत पिशवी चोरीला जाते, कधी सामानच उचलून नेतात. डोस चुकतो. तो खोकत असतो तो आपल्याच नाक्यावर. निवाऱ्यात निदान नर्सला रोज सापडेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तासांचा निवारा सांगितला. केंद्राच्या योजनेत माणशी ५० चौरस फूट जागा ठरवली होती, तीही स्टेशन-बाजाराजवळ. शहराबाहेर बांधला तर हमाल तिथे झोपायला जाईल कसा? (गावकुसाबाहेरची जागा आपल्याला नवी नाही.)

जागेचं आरक्षण बदलताना नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती आणि सूचना मागवतात. आपण फक्त हरकतच घेतो. सूचनाही लेखी द्या: बायांसाठी वेगळा विभाग, रात्रपाळीचा काळजीवाहक, संडासची रोज सफाई, आल्याआल्या टीबीची तपासणी. मुदत नोटिशीत असते. अर्जाची पोच घ्या.