पोट भरले, पण पोषण झाले का?

मूल दोन वेळा जेवते, म्हणजे त्याचे पोषण होते, असा आपल्याकडे समज आहे. पण सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि डाळीचे पाणी, संध्याकाळी वेफर्सचे पाकीट, एवढ्यावर भूक मरते. हाडे, रक्त आणि मेंदू यांची गरज भागत नाही. यालाच कुपोषण म्हणतात.

हे दुखणे केवळ मेळघाटचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी आढळली. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढणे फार अवघड असते. रक्त कमी असलेल्या मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो!

लक्षणे ओळखा. वजन दोन-तीन महिने न वाढणे, वारंवार जुलाब-खोकला, पापण्यांची आतली बाजू फिकी दिसणे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज येऊन बोटाने दाबल्यावर खळगा पडला, तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

चौरस आहार म्हणजे महागडा आहार नव्हे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर दुधासोबत मऊ वरण-भात, कुस्करलेले केळे, अंडे. मोठ्यांच्या ताटात भाकरीबरोबर घट्ट डाळ किंवा उसळ हवी, कारण धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. शेवग्याचा पाला, शेंगदाणे, सुकट, कलेजी हेही स्वस्तातले बळ. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

आणि एक रीत मोडलीच पाहिजे. बाईने सर्वांत शेवटी, उरलेसुरले खायचे! त्याच पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशक्त आईच्या पोटी कमी वजनाचे बाळ येण्याचा धोका वाढतो. मुलाला अंडे आणि मुलीला रस्सा, हा भेदही घरातून जावा.

दरमहा अंगणवाडीत बाळाचे वजन करा आणि तक्त्यावरील रेषा स्वतः पाहा. ती चढती राहिली पाहिजे. अंगणवाडीचा आहार हा आपल्या लेकरांचा हक्क आहे. तो मागून घ्या.