जातं थांबलं, ओवी थांबू नये

मैत्रिणींनो, तिकोणा पेठ असो की मावळातलं दुसरं कुठलं गाव, दळण आता गिरणीत जातं. सुटलो बाई त्या कष्टातून! पण जात्यासोबत ओवीही मुकी झाली, त्याचं काय?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीसारख्या भागांत हिंडून बायांच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरल्या! त्यात सासर-माहेर आहे, विठोबा आहे आणि बाबासाहेबही आहेत. ज्यांना अक्षर शिकू दिलं नाही, त्या दलित बायांनी आपला लढा ओवीतून लेकीसुनांच्या हाती दिला.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. २५ डिसेंबर १९५४ ला तर इथे जवळच, देहूरोडला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. लगेच पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, तिकडे अमेरिकेत रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार दिला. तिथल्या घरांतही आज्या नातवंडांना त्या लढ्याच्या गोष्टी सांगतात.

आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या बायकांना भेटल्या, त्यांना बोलतं केलं. त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं.

तुमच्या घरातही अशी आजी असेल. कुठल्या पाणवठ्यावर अडवलं, शाळेत कुठे बसवलं, पहिल्यांदा ‘नाही’ कोण म्हणालं, हे तिला विचारा. मोबाइलवर तिचा आवाज भरून ठेवा. गाव आणि साल वहीत लिहा. दागिने वाटून संपतात. हा वारसा वाटला की वाढतो.